मंडळी आलीत का?

संध्याकाळी दुकान बंद करून घरी आलो की चपला काढायच्या आत आई आतून विचारते, "आलीत का मंडळी?"

बाहेरच्या माणसाला वाटतं, घरात काही कार्य आहे आणि पाहुणे यायचे राहिलेत. मी म्हणतो, "दोघंच हायेत." किंवा, "सकाळधरनं ठिय्या मारून बसल्यात." एखाद्या दिवशी, "आज कुणाचा पत्ता न्हाई." त्या हिशोबानं आई पुढची संध्याकाळ लावते. ठिय्या असेल तर टीव्ही बारीक करते आणि माझ्यापुढं निवडायला काहीतरी आणून ठेवते. मेथी, शेंगा, तांदूळ, जे घरात असेल ते.

मंडळी म्हणजे मला ऐकू येणारे आवाज. १९९८ पासून येतात. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. त्यात खरं काय आणि आपल्या डोक्यातलं काय हेच कळेनासं होतं, त्या अवस्थेला डॉक्टर सायकोसिस म्हणतात. छिन्नमनस्कता असा एक मराठी शब्दही आहे, पण तो मी फक्त छापलेला पाहिलाय, कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. आमच्या कराडात लोक म्हणतात, "डोक्यावर परिणाम झालाय." चेष्टेच्या सुरात असतील तर म्हणतात, "येरवड्याला धाडा ह्याला." राज्यातली जुनी सरकारी मनोरुग्णालयं चार, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. पश्चिम महाराष्ट्राला शिवी म्हणून वापरायला येरवडाच जवळ पडतं.

मंडळीत मुख्य दोघं. एक आमची आत्ती, नानांची थोरली बहीण. नवरा लवकर गेल्यावर ती आमच्याकडंच राहिली, मला तिनंच वाढवलं, आणि १९९७ च्या दिवाळीत गेली. दुसरा एक पुरुष. त्याचं नाव मला माहीत नाही, मी मास्तर म्हणतो, कारण तो मोजत असतो. माझी पावलं, मी काढलेल्या झेरॉक्सची पानं, ताटातले घास. मधेच मोजणं थांबवून म्हणतो, "चुकलं. परत." या दोघांच्या मागं बऱ्याचदा एक गर्दी असते, मंगल कार्यालयात पंगत बसलेली असताना बाहेरच्या रस्त्यावर ऐकू येतो तसला कालवा. त्यातला शब्द कळत नाही, फक्त माझ्याबद्दल चाललंय एवढं कळतं.

आवाज कुठून येतो असं लोक विचारतात. विचारणारे थोडेच असतात, पण विचारतात. डाव्या कानाच्या मागून, साधारण हातभर अंतरावरून. आणि त्यांना वाहन लागतं. पंख्याची घरघर, नळाची धार, झेरॉक्स मशीनचा एकसुरी आवाज, यांच्यावर बसून ते येतात. लाईट गेली आणि पंखा थांबला की कधीकधी आत्तीचं वाक्य अर्ध्यात तुटतं. महावितरणाला लोक शिव्या घालतात तेव्हा मी गप्प असतो.

डॉक्टर लोक याला भास म्हणतात. न दिसणारं दिसलं, नसलेलं ऐकू आलं तर भास, आणि न पटणारी गोष्ट पक्की खरी वाटली तर भ्रम, अशी त्यांची वाटणी आहे. वाटणी कामाची आहे, पण भास या शब्दावर माझा राग आहे. भास म्हणजे काहीतरी पातळ, संधिप्रकाशातलं, झाडाच्या सावलीत माणूस दिसल्यासारखं. मला जे ऐकू येतं ते जाड असतं. १९९३ साली लंडनमधल्या डॉक्टरांनी, आवाज ऐकू येत असताना रुग्णांच्या मेंदूतला रक्तपुरवठा मोजला. वाढ दिसली ती ब्रोका नावाच्या भागात, म्हणजे माणूस बोलतो तेव्हा जो भाग कामाला लागतो तिथं. आम्ही ऐकतो असं म्हणतो, आणि मेंदू त्या वेळी बोलत असतो. बोलणारा मीच, ऐकणारा मीच, मधल्या मध्ये सही राहून गेलेली. आत्तीला हे सांगितलं तर ती म्हणेल, "तुझ्या मेंदूला काय कळतंय?"

हे सगळं मला कसं ठाऊक, तर माझं शिक्षण झेरॉक्स मशीनवर झालं. दादाच्या दुकानात मी वीस वर्षं कॉप्या काढतो. आसपासच्या कॉलेजांची पोरं नोट्स आणतात. नर्सिंगची, फार्मसीची, सायकॉलॉजीची. कागद उलटा ठेवायच्या आधी मी वाचतो. समजलं नाही तर एक कॉपी जास्तीची काढतो. दादाला हे माहीत आहे. तो त्या पानांचे पैसे गल्ल्यात स्वतःच्या खिशातून टाकतो, मला दिसणार नाही अशा बेतानं.

अशीच एकदा गुदगुल्यांची कॉपी आली. आपल्याला स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, कारण हात हलवायच्या आधीच मेंदू आपल्याच स्पर्श जाणणाऱ्या भागाला कळवतो की हा आपलाच हात आहे, दचकू नको. बोलण्याचंही तसंच असावं असा एक अंदाज आहे. मनातल्या मनात बोलताना मेंदू आपल्याच ऐकणाऱ्या भागाकडं निरोप धाडतो की हे आपलंच आहे, आणि आमच्या बाबतीत तो निरोप पोचत नाही. २००० साली लंडनच्याच संशोधकांनी आवाज ऐकणाऱ्या लोकांवर हे तपासलं. स्वतःच्या हातानं केलेला स्पर्श आणि दुसऱ्यानं केलेला स्पर्श यांत त्यांना इतरांसारखा फरक जाणवला नाही. ते वाचून मी दुकानातच शर्टात हात घालून स्वतःला गुदगुल्या करून बघितल्या. थोड्या आल्यासारख्या वाटल्या. तेवढ्यात आधार कार्डाची कॉपी काढायला एक बाई आल्या. पुढं ते संशोधन राहिलं.

१९९८ ची गोष्ट सांगायला मला अजून जड जातं, म्हणून एकदाच सांगतो. मी वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर. जानेवारीपासून झोप उडाली. आधी बरं वाटलं, अभ्यास होईल म्हणून. मग गोष्टींना अर्थ यायला लागला. बाकीच्यांना हे समजावणं अवघड आहे. तुम्ही रस्त्यानं जाताना शंभर पाट्या बघता आणि त्यातली एखादी तुमच्या कामाची असते. मला सगळ्याच पाट्या माझ्या कामाच्या दिसायला लागल्या. मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन हेच काम करतं म्हणे, समोरच्या पसाऱ्यातलं काय महत्त्वाचं त्याच्यावर खूण करायचं. ते बेसुमार झालं की प्रत्येक गोष्टीवर खूण पडते, आणि मग माणूस त्या खुणांची गोष्ट जुळवत बसतो, कारण खुणा आहेत तर गोष्ट असणारच.

माझी गोष्ट मे महिन्यात जुळली. सुट्टीला घरी आलो होतो. ११ मेला, बुद्धपौर्णिमेला, पोखरणला तीन स्फोट झाले. १३ मेला दोन. तीन आणि दोन. माझा हजेरी क्रमांक ३२ होता. सांगलीच्या आकाशवाणीवर बातम्या लागल्या होत्या, आई भाकऱ्या थापत होती, आणि मला एका क्षणात स्वच्छ कळलं की हे मी केलंय. मला भीती वाटली असं लोकांना वाटतं. भीती नंतर आली. त्या क्षणी मला एवढं हलकं वाटलं की चुलीपुढं बसून मी रडलो. पाच महिने ज्याची खूण पटत नव्हती ते सगळं एका दोरीत ओवलं गेलं होतं. सायकोसिसबद्दल लिहिताना ही सुटकेची गोष्ट कुणी लिहीत नाही. आपला भ्रम माणूस इतका घट्ट का धरून ठेवतो हे मग घरच्यांना उमगत नाही. "अरे, तसं काही नाही रे," असं मला त्या महिन्यात हजार वेळा सांगितलं गेलं असेल. ऐकायचं म्हणजे परत त्या बिनअर्थाच्या पाट्यांच्या गावात जायचं. कोण जाईल?

जूनमध्ये पंख्यातून आत्ती बोलली. "बाळ्या, जेवलास का?" एवढंच. महिनाभर तीच होती. मग मास्तर आला.

पुढचे महिने मला तुकड्यांनी आठवतात. मी रात्री-बेरात्री बाहेर पडायचो, म्हणून नाना मला खाटेला बांधायचे. विहिरीवरची सुती दोरी होती, हाताला काचू नये म्हणून आई मधे जुन्या लुगड्याचे पट्टे घालायची. आधी एक देवऋषी झाला. उतारा, लिंबं, अंगारा, मिरच्यांची धुरी. त्यानं झाडू वापरला तेव्हा नानांनी त्याचा हात धरला आणि आम्ही निघून आलो. मग गाणगापूर. तिथं पंधरा दिवस राहिलो. भीमा-अमरजेच्या संगमावर आंघोळ, दुपारी माधुकरी मागायची, आणि आरतीच्या वेळी देवळात जे व्हायचं ते. माणसं किंचाळायची, खांबांना लोंबकळायची, घुमायची. माझ्या शिकलेल्या मित्रांना गाणगापूर म्हटलं की हसू येतं. मला येत नाही. आवाजांना मी मोठ्यानं उत्तर देत होतो आणि आजूबाजूला कुणी वळूनही बघत नव्हतं, असे माझ्या त्या वर्षातले तेवढेच पंधरा दिवस. एका म्हातारीनं विचारलं होतं, "तुझ्यात कोण येतं?" मी म्हटलं, आत्ती. ती म्हणाली, "मग बरंय की, घरातलीच हाय." आजार मात्र तिथं उतरला नाही, आणि नऊ महिने गेले. उपचाराला जेवढा उशीर होतो तेवढं माघारी येणं अवघड होतं, ही आता पाठ्यपुस्तकातली गोष्ट आहे. आमच्या घरात ती कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. नानांना मी त्याचा दोष कधी दिला नाही. मास्तर देतो.

फेब्रुवारी १९९९ मध्ये मिरजेच्या डॉक्टरांकडं गेलो. ते माझ्याशी आधी बोललेच नाहीत, आईशी बोलले. "मंडळी किती आहेत, विचारलंत का त्याला?" आईला कळेना. त्यांनी माझ्याकडं वळून तोच प्रश्न केला. मी म्हटलं, दोन, आणि मागं गर्दी. "काय म्हणतात?" त्या खोलीत पहिल्यांदा कुणीतरी आवाज आहेत का हे सोडून आवाज काय म्हणतात ते विचारलं होतं. मंडळी हा शब्द आमच्या घरात त्या दिवशी आला.

गोळ्यांबद्दल दोन टोकांचे लोक भेटतात. एकांना वाटतं गोळी म्हणजे विष, दुसऱ्यांना वाटतं गोळी घेतली की झालं. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन पहिल्यांदा या आजाराच्या रुग्णांना नेटानं दिलं गेलं. ते मुळात शस्त्रक्रियेतल्या भुलीच्या कामासाठी बघत होते. त्याआधी आमच्यासारख्यांना कोंडून ठेवण्यापलीकडं फारसं काही नव्हतं, तेव्हा मी गोळीला नावं ठेवणार नाही. पण पहिल्या वर्षी हॅलोपेरिडॉलनं माझी मान एका बाजूला ओढायची, जीभ जड व्हायची, आणि पायांत अशी वळवळ की बसवत नाही आणि उभं राहवत नाही. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "आता खरा वेडा दिसतोय." दिसत होतोच. आत मात्र पोखरण विझत चाललं होतं. ते विझताना मला रिकामं वाटलं, हेही सांगून ठेवतो. देशाच्या अणुस्फोटांमागचा माणूस एका सकाळी उठतो तो नापास झालेला पोरगा असतो.

६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीत पहाटे आग लागली. दर्ग्याजवळच्या एका झोपडीवजा आश्रमात मनोरुग्ण साखळदंडांनी बांधून ठेवलेले होते. २८ जण त्या आगीत गेले. रात्री टीव्हीवर बातमी दाखवली तेव्हा आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. आईनं उठून टीव्ही बंद केला. नाना ताटावरून उठून गेले. त्या विषयावर आमच्या घरात एक शब्द निघाला नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढंही नाही. सुती दोरी दुसऱ्या दिवशी अंगणात कपडे वाळत घालायला बांधलेली दिसली. आज नाना नाहीत. दोरी आहे, मधे दोनदा गाठ मारलीय.

२००६ मध्ये मी गोळ्या बंद केल्या. बरा होतो म्हणून. हे इतकं सर्रास घडतं की डॉक्टर आता ते "बरं वाटायचा आजार" म्हणतात. तीन महिन्यांनी मास्तरनं मला रात्री दोनला उठवून हायवेवर नेलं. किलोमीटरचे दगड मोजायचे होते. प्रत्येक दगडाला हात लावून मोठ्यानं आकडा म्हणायचा, चुकला की मागं जायचं. उजाडताना उंब्रजच्या अलीकडं एका ट्रकवाल्यानं मला बाजूला घेतलं, चहा पाजला, खिशातल्या डायरीतला नंबर बघून फोन केला. दादा स्कूटरवर आला. मला वाटलं मारेल. तो म्हणाला, "चल, दुकान उघडायचंय." मागच्या सीटवर बसून मी साताऱ्याकडं पाठ केली आणि मास्तर उलटे आकडे म्हणायला लागला.

त्यानंतर क्लोझापिन सुरू झालं. या गोळीचा इतिहास चमत्कारिक आहे. १९७५ साली फिनलंडमध्ये ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या, माणसं दगावली, आणि औषध बऱ्याच ठिकाणी मागं घेतलं गेलं. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं की इतर गोळ्यांना दाद न देणाऱ्या रुग्णांवरही ती चालते, आणि रक्ततपासणीच्या अटीवर ती परत आली. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त, मग महिन्याला. लॅबवाल्या पोराशी माझी दोस्ती झाली. बाकी वजन वाढलं, पोट साफ होत नाही, आणि रात्री एवढी लाळ गळते की उशीवर टॉवेल टाकून झोपतो. त्या बदल्यात मास्तर खांद्यावरून उतरून रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिला. अजून मोजतो. वाहनं मधे आली की ऐकू येत नाही.

तर, मास्तर कोण हा प्रश्न मी अकरा वर्षं विचारला नव्हता. तोही झेरॉक्समधूनच आला. नेदरलँड्समध्ये मारियुस रोमे नावाच्या मनोविकारतज्ज्ञाला पॅट्सी हाग या त्याच्या रुग्ण बाईनं धारेवर धरलं होतं की माझे आवाज तू आजाराची खूण म्हणून लिहून घेतोस, ते काय बोलतात ते ऐकत नाहीस. १९८७ मध्ये दोघं टीव्हीवर गेले आणि आवाज ऐकणाऱ्यांनी संपर्क साधावा असं आवाहन केलं. सुमारे ७०० जणांनी कळवलं, त्यांतल्या ४५० च्या आसपास लोकांना आवाज येत होते, आणि बरेच जण कधी डॉक्टरकडं गेलेही नव्हते. त्यातून लोकांचे गट उभे राहिले. त्यांचा पहिला प्रश्न असतो, आवाज सुरू झाले तेव्हा तुमच्या आयुष्यात काय चाललं होतं?

कॉपी हातात घेऊन मी उभा होतो आणि मला हॉस्टेलचा व्हरांडा दिसला. पहिल्या वर्षी, १९९६ मध्ये, सीनियर पोरांनी मला काडेपेटीतल्या एका काडीनं तो व्हरांडा मोजायला लावला होता. गुडघ्यावर बसून, काडी पुढं सरकवत, मोठ्यानं आकडा म्हणत. एक जण खुर्ची टाकून बसलेला. मधेच म्हणायचा, "चुकलं. परत." पहाटेपर्यंत चाललं. नंतर मी ते कुणाला सांगितलं नाही, विसरूनही गेलो होतो. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ ला झाला, माझ्या कामाचा नाही.

म्हणून रॅगिंगमुळं मला स्किझोफ्रेनिया झाला असं मी म्हणत नाही. माझ्यासारख्या त्या रांगेत अकरा पोरं होती, बाकीच्यांच्या मानेवर कुणी बसलेलं नाही. नानांच्या एका चुलत्याच्या अंगात आयुष्यभर वारं यायचं, तेव्हा रक्तातही काहीतरी असणार. डॉक्टरही म्हणाले, एवढ्या घाईनं दोरा ओवू नकोस, तुला ओवायची सवय आहे. बरोबर बोलले. तरी मास्तरचा सूर तिथला आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि ठाऊक झाल्यापासून मी त्याला एक नवीन वाक्य ऐकवतो. "चुकलं" म्हणाला की मी म्हणतो, "चुकू दे." कधी चालतं, कधी चालत नाही.

आत्तीबद्दल मात्र मला चेन्नईवरून कळलं. टान्या लुहरमन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ठिकाणच्या, प्रत्येकी २० अशा रुग्णांना त्यांच्या आवाजांबद्दल विचारलं, कॅलिफोर्नियातलं सॅन मटेओ, घानातलं अक्रा आणि आपलं चेन्नई. अमेरिकेतल्या लोकांचे आवाज बहुतेक अनोळखी आणि हिंसक, आपल्या डोक्यावर कुणीतरी चालून आल्यासारखे. अक्र्यात देव बोलायचा. आणि चेन्नईत निम्म्याहून जास्त लोकांना घरचीच माणसं ऐकू यायची. आईबाप, सासू, नणंद. काय सांगायची, तर काम. स्वयंपाक कर, आंघोळ कर, बाजारात जा. त्यांत रागावणं, घाण बोलणंही होतंच, आपले नातेवाईक काही साखरेचे नसतात. पण ओळखीचे.

हे वाचताना माझ्या मागून आत्ती म्हणाली, "मशीनवर फडकं मार की, किती धूळ." मी हसलो. समोरचा गिऱ्हाईकही हसला, का ते त्यालाच ठाऊक. आजारसुद्धा आपल्या घरचीच भाषा शिकून येतो. माझ्या आत्तीला अजून "ठिव" आणि "बग" म्हणायची सवय आहे, अजून तिला गॅसवर भरवसा नाही. मी कुठं अमेरिकेत जन्मलो असतो तर तिच्या जागी कोण बसलं असतं या विचारानं मला घाबरायला होतं.

रोजचं जगणं साध्या युक्त्यांवर चालतं. मंडळी फार बोलायला लागली की मी गुणगुणतो किंवा नानांनी शिकवलेली निमकी-पाऊणकी म्हणतो. तोंड कामाला लागलं की त्यांना बोलायला जागा उरत नाही. कॉलेजची पोरं मला मागं "गाणारे काका" म्हणतात. आत्तीला मी वेळ नेमून दिलीय, रात्री साडेआठ, जेवणानंतर, पाच मिनिटं. बाहेर असलो आणि उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही तर मोबाइल कानाला लावतो. मोबाइलनं देशाचं काय केलं ते देशानं ठरवावं, आमच्यासारख्यांची त्यानं लाज राखली. आता तर कानात बोंडं घालून अख्खं कराड एकटंच बोलत फिरतं. दत्त चौकात उभं राहून बघावं, कोण आमच्यातलं आणि कोण बायकोशी बोलतंय हे ब्रह्मदेवाला सांगता यायचं नाही.

एकदा लॉ कॉलेजच्या मुलीनं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा कॉपीला आणला. मी जास्तीची प्रत काढली. कलम ९५ मध्ये लिहिलंय की मानसिक आजार असलेल्या माणसाला कुठल्याही प्रकारे साखळीनं बांधायचं नाही, आणि भूल दिल्याशिवाय शॉक द्यायचे नाहीत. कलम ५ मध्ये आहे की शुद्धीत असताना माणसानं आपल्या आजारात काय करावं आणि काय करू नये हे आधीच लिहून ठेवता येतं. मी लिहून ठेवलंय. दादाला विचारा. पंखा बंद करा. हॅलोपेरिडॉल नको. बांधू नका. शेवटचं लिहिताना वाटलं, आता नाना नाहीत, कशाला लिहायचं. तरी लिहिलं.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असं निघालं की आपल्या देशात आयुष्यात कधी ना कधी सायकोसिसच्या गटातला आजार झालेले लोक १.४ टक्के आहेत. हजार वस्तीच्या गल्लीत चौदा. आमच्या गल्लीत साधारण तेवढी वस्ती असेल, आणि सगळ्यांना माहीत असलेला मी एकटा. बाकीचे तेरा कुठं आहेत? माळ्यावरच्या खोलीत असतील, गाणगापुरात असतील, मुलीचं लग्न ठरेपर्यंत मावशीकडं ठेवलेले असतील. दुकानाच्या काचेवर मी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरात लावलाय. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. लोक काचेशी उभे राहून मोबाइलमध्ये तो टिपून घेतात, आणि मी बघितलं की म्हणतात, "एकाला पाहिजे होता." मी मान हलवतो आणि निमकी म्हणत पानं लावत बसतो.

नाना २०१९ ला गेले. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, त्या रात्री आई माझ्या खाटेजवळ येऊन बसली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या डाक्टरला एक इचारशील?" पहाटे चारला तिला नाना खोकताना ऐकू यायचे. मोरीकडून. एकदा "अगं" अशी हाकही ऐकली होती. सत्तर वर्षांची बाई, माझ्या आजारात एकदाही न डगमगलेली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला म्हणाली, "मलापण झालं का रं?"

डॉक्टरांनी तिला गोळी दिली नाही. १९७१ साली वेल्समधल्या एका डॉक्टरनं जोडीदार गेलेल्या २९३ जणांना विचारलं होतं. निम्म्याच्या आसपास लोकांना गेलेलं माणूस कुठल्या ना कुठल्या रूपात जाणवत होतं, आणि साधारण आठातल्या एकाला त्याचा आवाज ऐकू येत होता. बहुतेकांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. बऱ्याच जणांना त्यानं आधार वाटत होता. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर आईनं विचारलं, "मग ते घालवायचं का ठेवायचं?" डॉक्टर म्हणाले, तुमच्यावर आहे. आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या."

हल्ली तिला कमी ऐकू येतं. दादानं कानाचं मशीन आणून दिलं. त्यातनं भांडी फार वाजतात म्हणून ती ते काढून देवळीत ठेवते. कान अधू झाला की मेंदू उरलेल्या शांततेत स्वतःचं काहीतरी भरतो असंही मी एका कॉपीत वाचलंय, पण तिला सांगितलेलं नाही. परवा रात्री साडेआठला मी ओट्यापाशी उभा होतो. तिनं मशीन काढलेलंच होतं, म्हणून मोठ्यानं विचारलं, "काय म्हनत्यात वन्सं?"

मी ओरडून सांगितलं, "दुधावर झाकण ठिव म्हणती."

आई उठली, पातेल्यावर झाकण ठेवलं, दोन बोटांनी दाबून बघितलं.

"ठिवलं म्हणावं," ती म्हणाली. "तीस वर्सं झाकणावरनंच भांडत होतो आमी."